शून्य अस्थिरता

इंदुबाई सुतार पडल्या त्याच्या तासभर आधी त्यांची अस्थिरता शून्य पूर्णांक एक होती. मिरजेत त्यांच्या वयाच्या माणसांत एवढा चांगला आकडा दुसऱ्या कुणाचाच नव्हता, आणि दूधवाल्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत सगळ्यांना हे त्यांनी स्वतः सांगून झालं होतं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. सुतारांच्या घरात खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा सण. रंधा, पटाशी, करवत, गिरमिट सगळं आदल्या दिवशी घासूनपुसून ठेवायचं, सकाळी पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची आणि दसरा उजाडेपर्यंत त्यातल्या कशालाही कामाला लावायचं नाही. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस सुट्टी. केरबा सुतारांच्या घरी ही सुट्टी हत्यारांबरोबर मिक्सरला, शिलाई मशिनला आणि पंपालाही मिळायची. मोबाईलला मात्र कुणी देत नसे.

केरबा पाटावर हत्यारं मांडत होते. इंदुबाईंनी कमरेचा तोलपट्टा सोडला आणि नवऱ्यापुढे धरला.

"अवो, ह्यो बी यंत्रच की. वरीसभर मला धरून हाय बिचारा. त्याला बी हळदकुंकू लावा."

"आण हिकडं," केरबा म्हणाले आणि त्यांनी रंधा सरकवून जागा केली.

वैजयंती, त्यांची मुलगी, स्वयंपाकघरात होती. तिने हे बोलणं ऐकलं. असे पट्टे लोकांच्या कमरेला बसवून देणं हेच तिचं काम होतं, त्यामुळे तिने खरं तर बाहेर यायला हवं होतं. पण कढईत तेल तापलं होतं, आणि आई आंघोळीच्या वेळी रोज पट्टा काढतेच की, असं तिच्या मनात आलं. आंघोळ आई स्टुलावर बसून करते, हे तिच्या लक्षात आलं नाही.

इंदुबाई फुलं आणायला अंगणात गेल्या. तीन पावलं गेल्या, काहीतरी सांगायला मागे वळल्या आणि पडल्या. तोल जाताना माणूस धडपडतो, हात पुढे टाकतो, काहीतरी पकडायला बघतो. इंदुबाईंनी यातलं काही केलं नाही. तोडलेला ओंडका पडावा तशा त्या आडव्या झाल्या. उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

तोलपट्टा म्हणजे काय, हे २०४१ साली मिरजेत शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं, तरी थोडं सांगायला हवं. माणूस स्थिर उभा आहे असं आपण म्हणतो, पण तो तसा कधीच नसतो. तळहातावर काठी उभी करून पाहा. ती उभी ठेवायला हात सारखा हलवावा लागतो. आपलं शरीर ही काठी आणि घोटे, पोटऱ्या हा तळहात. शरीर केसभर पुढे कलतं, तळपायांना आणि कानाच्या आतल्या इंद्रियाला ते कळतं, लहान मेंदू पोटरीला हुकूम सोडतो, शरीर मागे येतं. मग जरा जास्तच मागे येतं आणि पुन्हा हुकूम सुटतो. ही ये-जा जन्मभर चालते. वय झालं की निरोप उशिरा पोहोचू लागतात, आणि एखाद्या दिवशी निरोप पोहोचायच्या आत माणूस जमिनीवर असतो.

पुण्यातल्या एका कंपनीने यावर पट्टा काढला. त्यात दोन्ही कुशींना वाटीएवढी दोन चाकं भयंकर वेगाने फिरत असतात. भोवरा ज्या बळावर उभा राहतो, तेच हे बळ. शरीर कलायला लागलं की पट्ट्याला ते सेकंदाच्या पाचशेव्या भागात कळतं, चाकं आपला आस वळवतात आणि कंबर मागे लोटली जाते. निरोप लहान मेंदूपर्यंत जायच्या आत काम झालेलं असतं.

पट्टा मोबाईलवर एक आकडाही दाखवायचा. शरीर किती डुलतंय त्याचा शंभरपैकी आकडा, आणि त्याच्यावर शब्द होता 'अस्थिरता'. तोवर हा शब्द वर्तमानपत्रात राहायचा, सरकारांच्या आणि शेअर बाजाराच्या शेजारी. आता तो भजनी मंडळात आला. टाळ वाजवायच्या आधी बायका एकमेकींना विचारू लागल्या, "तुमची किती आज?" एकीने तर सुनेशी भांडण झालं की आपली अस्थिरता दोनाने वाढते असं जाहीर केलं, आणि मुलगा बायकोला समजावायला लागला. वैजयंती फिजिओथेरपिस्ट होती. पट्टा बसवताना ती प्रत्येकाला तेच सांगायची, "अस्थिरता म्हणजे पडण्याची शक्यता. जितकी कमी तितकं चांगलं." सव्वा वर्षात मिरजेत आणि आसपास तिने हे चारशे बारा जणांना सांगितलं होतं. पहिली तिची आई होती.

चारशे तेरावे व्हायला केरबांनी साफ नकार दिला होता. वय त्र्याहत्तर. अजून रोज सकाळी तालमीत जाऊन पोरांना मल्लखांब शिकवत होते, आणि त्या तालमीतले मल्लखांब त्यांनीच सागवानातून तासलेले होते.

खांद्यावर शस्त्रक्रिया झाली त्या दुपारी बापलेक दवाखान्याच्या बाकावर बसले होते.

"पट्टा काढायला नको होता," वैजयंती म्हणाली. "तुम्ही तरी म्हणायचं होतं आप्पा."

"मी कशाला म्हनू? खंडेनवमीला आमच्या आज्यानं हातातला लाकूड तासायचा वाकस ठेवला हुता, तो काय दुसऱ्या दिवशी वाकस धरायचा इसरला न्हाई."

"आई म्हणजे वाकस आहे का?"

केरबा म्हणाले, "ती पडली तवा मी बघत हुतो, वैजू. हात पुढं आलाच न्हाई तिचा. सव्वा वर्षामागं ती अशी न्हवती. डुलत हुती, धडपडत हुती, भिताडाला धरत हुती, पर हात येत हुता. तू तिला हात दिलास. हात द्यायचा नसतो, नुसता ठेवायचा असतो."

हे वाक्य वैजयंतीने लहानपणापासून ऐकलं होतं आणि तिला ते अजिबात आवडत नसे. निराधार मल्लखांब नावाचा एक प्रकार असतो. त्यात खांब जमिनीत पुरलेला नसतो. पाटावर नुसता उभा केलेला असतो, आणि पाटाखाली चार काचेच्या बाटल्या. त्या डुगडुगत्या खांबावर चढून पोरांनी आसनं करायची. अकरा वर्षांची वैजू अशीच वर असताना खांब कलला. वडिलांचा हात तिच्या पाठीमागे दोन बोटांच्या अंतरावर होता. तो त्यांनी पुढे केला नाही. वैजू खाली आली, हनुवटीला तीन टाके पडले. "बारकं पडनं सोडून द्यायचं, मोठं पडनं धरायचं," टाके घालताना वडील डॉक्टरांना समजावत होते. त्या दिवशी तिने तालीम सोडली. पुढे ती या धंद्यात आली ती माझ्या हाताखाली कुणी पडणार नाही अशा जिद्दीने, आणि वडिलांवरचा तो राग बत्तीस वर्षं तिने नीट जपून ठेवला होता.

तिने मोबाईल काढला आणि कामाचा पडदा उघडला. सगळे पट्टे तिला तिथे दिसत. खंडेनवमीच्या सकाळी कमरेवरून उतरलेले आणि जागच्या जागी पडलेले पट्टे किती, हे तिने सहज मोजलं. सत्तावन्न. तिने कपाळाला हात लावला. लोहार, गवंडी, रिक्षावाल्याची आई, शिंप्याची सासू, सतारीचे भोपळे कोरणाऱ्या घरातले आजोबा, सगळ्यांनी यंत्राला सुट्टी दिली होती.

दोन दिवसांत तिने बाकीच्या छप्पन्न घरी फोन केले. आई धरून नऊ जण पडले होते. कुणाचं मनगट, कुणाचा खुबा, कुणाचं नुसतं कपाळ.

तिने नऊ जणांचे जुने आकडे काढले. ज्यांची अस्थिरता जास्त तेच पडले असणार, असं तिला वाटलं होतं. निघालं उलटंच. पडलेल्या नऊही जणांचा आकडा एकाच्या आत होता. सहदेव लोहारांचा आकडा चौदा असायचा, कारण ते पट्टा सैल बांधायचे आणि ती त्यांना दर महिन्याला रागवायची. सहदेव लोहार दिवसभर पट्ट्यावाचून हिंडले, दोनदा ठेचकाळले आणि ठणठणीत होते.

ती बराच वेळ त्या यादीकडे बघत बसली. लहान मेंदूला रोजच्या बारक्या चुकांतून शिकायचं असतं. पट्टा एवढा हुशार होता की चूक व्हायच्या आतच पुसून टाकायचा, आणि ज्याला वर्षभर एकही चूक दिसली नाही तो मेंदू हिशेब विसरला होता. जी अस्थिरता तिने चारशे बारा जणांना रोग म्हणून शिकवली, तीच त्यांची तालीम होती. वैजयंतीला रडू आलं. आईसाठी आलं, आणि वडील बरोबर होते म्हणूनही आलं.

कंपनीचे डॉक्टर सरनोबत वाईट माणूस नव्हते. त्यांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नऊच्या नऊ जण पट्टा काढलेला असताना पडले," ते म्हणाले.

"हो."

"आणि पट्टा घातलेला असताना सव्वा वर्षात कुणी पडलं?"

"नाही, सर."

"मग वैजयंतीताई, हा तर आपल्या पट्ट्याचा पुरावाच झाला. पुढचं मॉडेल पाण्यात चालणारं येतंय, आंघोळीलासुद्धा काढावं लागणार नाही. तोवर तुम्ही लोकांना एवढंच सांगा, सणावाराला पट्टा काढू नका."

"सर, पट्टा नसला तर त्यांना उभं राहता येत नाही. आधी येत होतं."

"चष्मा काढला तर मलाही दिसत नाही."

"चष्म्याने तुमचे डोळे आंधळे केले नाहीत."

मग वैजयंतीने मागितलं ते असं. पट्ट्यात 'मुभा' नावाची एक कळ असते. शरीर किती कलू द्यायचं आणि मग धरायचं, ते त्यावर ठरतं. कारखान्यातून ती शून्यावर येते, बसवणाऱ्याला पाचपर्यंत नेता येते. तिला ती चाळीसवर न्यायची होती. म्हणजे माणूस डुलेल, अडखळेल, स्वतःच सावरेल, आणि सावरण्यापलीकडे गेला तरच पट्टा पकडेल.

"ते 'सावरण्यापलीकडे' प्रत्येकाचं वेगळं असतं," सरनोबत म्हणाले. "तुमचा अंदाज चुकला तर माणूस पट्टा घातलेला असताना पडेल. कंपनी ते करणार नाही. पाचच्या वर जायचं तर बसवणाऱ्याची सही लागते, सगळी जबाबदारी त्याची. आणि अशी सही करणारा आमच्याकडे फार दिवस टिकत नाही, हे मी तुम्हाला धमकी म्हणून सांगत नाहीये."

"कळलं, सर."

अडीच महिन्यांनी इंदुबाईंचा खांदा जुळून आला. त्या सकाळी वैजयंतीने आईच्या पट्ट्यासाठी पहिली सही केली. एकोणसत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, हे तिच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

इंदुबाई उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या.

"अगं काय केलंस हे! ताडी प्याल्यागत हुतंय मला. धर, धर की!"

"पट्टा धरेल आई. तू चाल."

"आकडा बघ! एकतीस! लाल झालाय! मंडळात काय तोंड दाखवू मी?"

"मोबाईल दे इकडे," म्हणून वैजयंतीने तो काढून घेतला, आणि मायलेकींचं सहा दिवस बोलणं बंद झालं. या सहा दिवसांत इंदुबाई भिंतीला धरून चालल्या, लेकीच्या नावाने बोटं मोडत चालल्या, पण चालल्या. सातव्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला त्या अडखळल्या. पट्टा गप्प राहिला. इंदुबाईंचा पाय आपणहून पुढे पडला आणि त्या सावरल्या.

"मेल्यानं धरलं न्हाई मला," त्या म्हणाल्या. पण त्या आवाजात तक्रारीपेक्षा नवल जास्त होतं.

केरबा रोज संध्याकाळी तालमीतून आले की बायकोला अंगणात चालवायचे. तिच्या पाठीमागून चालायचे, तळहात दोन बोटांवर. पहिल्या दिवशी वैजयंतीने दारातून हे पाहिलं. वडिलांचा हात ताठ नव्हता. आई जरा कलली की तो तिच्याबरोबर कलत होता, ती सावरली की मागे येत होता. तिला आजवर वाटत आलं होतं की त्या दिवशी तो हात नुसता पाठीमागे थांबून राहिला होता. तो किती जागा असतो, हे खांबावरून पाठमोऱ्या पोरीला दिसणं शक्यच नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी पडले तेव्हा तुम्हाला भीती वाटली होती का?"

केरबांनी बायकोवरची नजर काढली नाही. "तू पडलीस तवापासनं रोज वाटती," ते म्हणाले. "पर हात दिला असता तर तू जलमभर माझ्या हाताकडंच बघत बसली असतीस."

बाकीच्यांचं सोपं गेलं नाही. वैजयंती घरोघर फिरली. आजवर मी तुम्हाला उलटं सांगत होते, असं तोंडाने कबूल करायला तिला फार जड गेलं. बहुतेकांनी ऐकून घेतलं आणि चहा देऊन वाटेला लावलं. हिरवा आकडा सोडून लाल आकडा कोण घेणार? शहाऐंशी जण तयार झाले. शहाऐंशी सह्या तिने केल्या. त्यांतले तीन जण पट्टा घातलेला असतानाच पडले. शिंप्याच्या सासूची गुडघ्याची वाटी फुटली, आणि तिचा मुलगा वैजयंतीच्या दारात येऊन चार माणसांत नाही नाही ते बोलून गेला. वैजयंतीने खालमानेने ऐकलं, कारण तो खोटं बोलत नव्हता. श्रावणात कंपनीचं पत्र आलं. अगदी सभ्य भाषेत तिचं काम काढून घेतलं होतं, आणि त्याच संध्याकाळी कामाचा पडदाही बंद झाला. आपली शहाऐंशी माणसं आता कशी चालतात, ते तिला कळायला मार्ग उरला नाही.

पुन्हा खंडेनवमी आली. केरबांनी पाटावर हत्यारं मांडली. इंदुबाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कमरेचा पट्टा सोडला.

"आई, आज राहू दे हवं तर," वैजयंती म्हणाली. कढई चढवायचं काम तिने यंदा ठेवलंच नव्हतं.

"का गं? गेल्या साली पडले म्हनून? यंत्राला सुट्टी म्हंजे सुट्टी." इंदुबाईंनी पट्टा रंध्याशेजारी ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं. "फुलं कमी हायती. मी आनते."

केरबा उठायला लागले, पण मग त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि ते पुन्हा खाली बसले. "तू जा," ते म्हणाले.

इंदुबाई अंगणात उतरल्या. वैजयंती मागे, तळहात दोन बोटांवर. मोबाईल आत होता, पण असता तरी काय दाखवणार होता? आईचे पांढरे केस, चोळीच्या काठाबाहेर दिसणारी खांद्याच्या जखमेची रेघ, आणि डावीउजवीकडे जरा जरा डुलणारी तिची पाठ, एवढंच पुढे होतं. तीन पावलं झाली. चौथ्या पावलाला इंदुबाईंना काहीतरी आठवलं आणि त्या गेल्या वर्षीसारख्याच गर्रकन मागे वळल्या.

तोल गेला. वैजयंतीला तो जाताना दिसला. तिच्या हाताची पाचही बोटं पुढे जायला निघाली. आई किती कललीये, हे तिने नजरेने मापलं, आणि जिवाच्या कराराने हात होता तिथेच ठेवला. एवढं मोठं काम तिने आयुष्यात दुसरं केलं नव्हतं.

इंदुबाईंचा उजवा पाय मागे पडला. उजवा हात, मोडून जुळलेला, झटकन पुढे आला आणि तुळशीच्या कट्ट्यावर टेकला. त्या तशाच थांबल्या. धापा टाकत होत्या.

"तू धरलंस व्हय मला?"

"नाही आई."

"मग तुझ्या बानं?"

"ते आत बसलेत."

इंदुबाई कट्ट्यावर टेकलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. तो हात त्यांनी उचलला, पदराला पुसला आणि त्याच हाताने झेंडू तोडायला सुरुवात केली.

"बघत काय उभारलीस," त्या म्हणाल्या, "टोपली आन जा."

वैजयंती टोपली आणायला आत गेली, आईला अंगणात एकटं सोडून.